मुठीचा डबा

मी वालचंदनगरला गेले ती सामान बांधायला. हे आधीच सांगते, कारण परत आल्यावर आमच्या चर्चच्या महिला मंडळात मला "तिकडच्या मंडळीविषयी चार शब्द" बोलायला उभं केलं, आणि मला तिथे काही दर्शनबिर्शन झालं असावं अशी बायकांची अपेक्षा दिसली. तसलं काही झालं नाही. जे झालं ते उभ्या उभ्या नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहून काढते.

माझी थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणतो, लग्न झाल्यापासून वालचंदनगरच्या क्वार्टरमध्ये राहत होती. तिचे यजमान, आमचे दाजी, वर्कशॉपमधून रिटायर झाले होते आणि महिनाअखेरीला क्वार्टर सोडायचं होतं. त्यांच्या मुलाने, सुधीरने, पुण्यात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता. त्यात आईवडिलांसाठी वेगळी खोली होती. पण तो फोनवर विचारायचा, "आई, आवराआवर कुठवर आली?" आणि अक्का म्हणायची, "बघू." सुधीरला त्या "बघू"चा अर्थ लागेना. मी पुण्यातच नर्सिंगच्या मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका आहे. "बघू" म्हणणाऱ्या मुली मी रोज सांभाळते.

"मावशी, तूच जा," सुधीर म्हणाला. "सोमवारी ट्रक पाठवतो."

मी रजा टाकली, सुतळीचा गुंडा आणि जुन्या वर्तमानपत्रांची चळत पिशवीत घातली आणि गुरुवारी निघाले.

बारामती

बारामतीला एसटी बदलायची होती. मागच्या खेपेला पाहिलेलं गाव आता ओळखू येत नव्हतं. रस्ते रुंद झालेले, मधोमध झाडं लावलेली, जागोजागी एसटीडीचे पिवळे बूथ. उसाच्या बैलगाड्या मात्र होत्या तशाच, त्याच संथ चालीने सगळ्या मोटारींना मागे खोळंबवत चाललेल्या.

मधल्या वेळात तिथल्या चर्चच्या पाळकसाहेबांकडे जाऊन ये, असं अक्काने फोनवर सांगितलं होतं. ते महिन्यातून एका रविवारी स्कूटरवरून वालचंदनगरला जाऊन अक्काच्या घरी उपासना घेत. बाकीचे रविवार दाजीच बायबलमधलं शास्त्र वाचत आणि जमेल तो प्रार्थना करी. पाळकसाहेब वयाने माझ्यापेक्षा बरेच लहान निघाले. त्यांच्या पत्नीने ज्वारीची भाकरी, मेथीची सुकी भाजी आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. भाकरी पातळ आणि कडेपर्यंत भाजलेली होती. मी दुसरी मागून घेतली.

"अक्काबाईंना न्यायला आलात ना?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"सामान न्यायला. बाई आपल्या पायांनी येतील."

ते हसले नाहीत. "त्या गेल्या की तिथली उपासना थांबेल, अशी मला भीती आहे."

"कॉलनीतल्या लोकांनी बारामतीला यावं. दर तासाला एसटी आहे."

"सगळे कॉलनीत कुठे आहेत? निम्मे वरकुटे गावाकडे शेतावर असतात. धारा काढून, डेअरीला दूध घालून निघेपर्यंत इथे आमेन झालेलं असतं."

"मग दुसऱ्या कुणाच्या घरी भरवा."

"कुणाच्या, ते तुम्हीच बघून सांगा," पाळकसाहेब म्हणाले आणि माझ्या ताटात तिसरी भाकरी घातली. हा माणूस दिसतो तितका लहान नाही, असं मला वाटलं.

वालचंदनगर

जंक्शन नावाच्या फाट्यावरून एसटी आत वळली आणि खिडकीतून मळीचा वास आला. साखर कारखाना चालू असला की हा वास अंथरुणा-पांघरुणालाही येतो. नवख्या माणसाचं डोकं चढतं. "तिसऱ्या दिवशी वास येईनासा होतो आणि गाळप बंद झालं की चुकल्यासारखं वाटतं," असं अक्का म्हणते.

घरात पाऊल टाकलं आणि बघितलं, तर एक कपबशीसुद्धा जागची हललेली नव्हती. बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून एक लांब बाक, कोपऱ्यात सतरंज्यांची गुंडाळी आणि खिळ्याला लाकडी क्रूस. ही दाजींच्या हातची कामं. याच खोलीत दर रविवारी मंडळी बसायची. आमच्या वसतिगृहातल्या चपला काढायच्या जागेहून ती फार मोठी नसेल.

"अक्का, सोमवारी ट्रक येतोय."

"येऊ दे की."

"दाजी, तुम्ही तरी काही बोला."

"मला विचारू नका," दाजी पेपरमागून म्हणाले. "मी रिटायर झालोय."

शुक्रवारी सकाळी मी पदर खोचला. अक्का मागच्या लाइनीतल्या एका बाळंतिणीला डिंकाचे लाडू द्यायला गेली होती. आधी स्वयंपाकघर घ्यायचं ठरवलं. मांडणीच्या खालच्या फळीवर एक मोठा पत्र्याचा डबा सापडला. उघडून बघते तर आत ज्वारी, गहू, बाजरी, तांदूळ, सगळं एकात एक मिसळलेलं! वसतिगृहाची कोठी माझ्या ताब्यात असते. तिथे तुरीच्या डाळीत मुगाचा दाणा दिसला तर मी स्वयंपाकिणीला बोलावून दाखवते. अक्काचं वय झालं, दिसत नसेल, असं म्हणून मी दोन चाळण्या आणि सूप घेऊन बसले. बाजरी चाळणीतून खाली पडली, बाकीचं हाताने निवडावं लागलं. जेवणाची वेळ टळली, मान अवघडली. पण संध्याकाळी चार पिशव्या भरून, तोंड बांधून, ओळीने उभ्या केल्या.

अक्का आली ती थेट अंथरुणावर आडवी झाली. दिवसभर त्या बाळंतिणीचं घर आवरत होती. पिशव्या तिला सकाळी दाखवायच्या ठरवून मीही पाठ टेकली.

शनिवारी सकाळी बायका यायला लागल्या. प्रत्येकीच्या हातात छोटा डबा किंवा पदराखाली पातेलं. सगळ्यांत पुढे शेजारची एस्तेर होती. हिचा नवरा फिटर; आवाज असा की कारखान्याचा भोंगा बंद पडला तरी अडू नये.

"सलाम, मावशी! अक्का, मुठीचा डबा कुठंय?"

अक्काने फळी बघितली, रिकामा डबा बघितला, मग माझ्या चार पिशव्या बघितल्या.

"हे कुणी केलं?"

"मी," मी म्हटलं. "सगळं मिसळलेलं होतं. दिवसभर निवडत होते."

मग एस्तेर मटकन खाली बसली आणि पोट धरून हसायला लागली. "आवो मावशी, चार आठवड्यांचं मिसळलेलं एका दिवसात निवडलंत व्हय! तुमाला कारखान्यात घ्याया पायजेल."

मग मला समजावून सांगण्यात आलं. इथल्या प्रत्येक घरात बाई स्वयंपाकाला धान्य नाहीतर पीठ काढते, तेव्हा त्यातली एक मूठ देवासाठी बाजूला ठेवते. शनिवारी सगळ्यांच्या मुठी अक्काच्या डब्यात पडतात. महिन्यातून एकदा धान्य दळून आणायचं आणि वेगळं ठेवलेलं पीठ त्यात मिसळायचं. थोडं रविवारच्या एकत्र जेवणाला, उरलेलं ज्या घरात अडचण असेल त्या घरी.

"ते ठीक आहे," मी म्हटलं. "पण मिसळता कशाला? ज्वारीची ज्वारी राहू द्या, तांदळाचे तांदूळ."

"मग कळंल की," एस्तेर म्हणाली.

"काय कळेल?"

"तांदूळ कुणी आणला आन रेशनचा किडका गहू कुणी आणला, त्ये."

इथे मला आमच्या चर्चमधले पंखे आठवले. आमचं चर्च दगडी आहे, घंटा आहे, गायनवृंद आहे. प्रत्येक पंख्याच्या पात्यावर तो देणाऱ्याचं नाव लाल रंगात लिहिलेलं आहे. पंखा सुरू झाला की नाव वाचता येत नाही, त्यामुळे एक गृहस्थ मे महिन्यातही आपला पंखा हळू ठेवायला सांगतात. त्यांच्या शेजारच्या पंख्यावर माझ्या सासऱ्यांचं नाव आहे. हे मी तिथे बोलले नाही.

एस्तेरने पिशव्यांची तोंडं सोडली. माझा अख्खा शुक्रवार धो धो करत पुन्हा एका डब्यात गेला. वर त्या आठवड्याच्या मुठी पडल्या.

वरकुटे

डबा घेऊन आम्ही गिरणीत गेलो. गिरणीवाला अक्काला बघून म्हणाला, "देवाचं दळण का? त्ये शेवटी." मिसळीचं धान्य मध्येच घातलं तर पुढच्या माणसाच्या ज्वारीत गहू उतरतो, म्हणून त्याने सगळ्यांचं दळून झाल्यावर आमचं घेतलं. दरम्यान रांगेतल्या बायकांनी माझं वय, नोकरी, मुलं आणि पुण्यातल्या पाण्याची परिस्थिती विचारून घेतली.

त्यातलं निम्मं पीठ वरकुट्याला न्यायचं होतं. तिथे कोंडाबाई म्हणून मंडळीतली एक बाई उसाला पाणी देताना बांधावरून घसरली होती आणि पायाला प्लास्टर घालून पडून होती. फाट्यावर एसटीतून उतरलो. पुढे ट्रॅक्टरच्या रिकाम्या ट्रॉलीत बसलो. गरम पिठाची पिशवी मी मांडीवर धरली होती. ट्रॉलीने पहिलाच खड्डा घेतला, पिशवीचं तोंड सुटलं आणि मी कमरेपासून चपलेपर्यंत पांढरी झाले. अक्का हसली. गुरुवारपासून ती पहिल्यांदा हसली, म्हणून मी साडी झटकायची घाई केली नाही.

दोन्ही बाजूंना शाळूची ज्वारी हुरड्याला आली होती. कोंडाबाईचं घर म्हणजे दगडमातीच्या दोन खोल्या आणि पुढे लांबलचक ओसरी. बाई खाटेवर बसून हुकूम सोडत होती. शेजारचे एक म्हातारे गृहस्थ, तात्या, अंगणात तिच्या शेळ्यांना पाला टाकत होते. त्यांच्या पलीकडच्या घराच्या दारावर निळा झेंडा आणि आत बुद्धाची तसबीर दिसत होती.

"तात्या रोज येतात?" मी विचारलं.

"रोज येतो आन रोज बोलणी खातो," तात्या म्हणाले. "आमी बौद्ध, ह्ये ख्रिस्ती. पर हिचा सासरा आन माझा बाप एका ताटात जेवल्याली माणसं. शेरडांना काय धरम ठावं? त्यांना पाला पायजे."

त्यांनी शेकोटीत कणसं भाजून हुरडा चोळून दिला. लसणाची चटणी आणि गूळ होता. पुण्यात हुरडा विकत मिळतो, पण तो हातावर येईपर्यंत थंड झालेला असतो.

मग ते झालं, जे मला महिला मंडळात सांगता आलं नाही.

अक्काने पीठ कोंडाबाईच्या डब्यात ओतलं. कोंडाबाईने सुनेला हाक मारली, "माझी मुठीची वाटी आण गं." सुनेने वाटी आणली. कोंडाबाईने आत्ताच ओतलेल्या त्या पिठातून एक मूठ भरली, वाटीत सोडली आणि वाटी अक्कापुढे केली. "ही उद्याच्या जेवणात घाला. मला येता येत न्हाय."

मी कोठी सांभाळणारी बाई. मला राहवलं नाही. "कोंडाबाई, हे तर तिकडूनच आलंय. त्यातलंच परत द्यायचं, याला काय अर्थ?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी नव्या पोरींकडे बघते. "बाई, माझ्या डब्यात आलं म्हंजी माझं झालं न्हवं? मग माझ्यातली मूठ देवाची. त्येनं काय माझंच न्हाय घ्यायचं?"

"घ्या गुमान, ताई," तात्या म्हणाले. "तिच्याशी वाद घालून मी म्हातारा झालो."

अक्काने मूठ आपल्या रुमालात बांधून घेतली. मग, जणू काही सहजच, म्हणाली, "कोंडाबाई, सोमवारी ट्रक येतोय. ही माझी बहीण सुमन मला न्यायला आलीय. उपासनेचं काय करायचं, मला काही सुचत नाही."

तेव्हा मला "बघू"चा पुरता अर्थ कळला. तिला क्वार्टर सुटत नव्हतं असं नाही; ती गेली की ही माणसं पांगतील, आणि ते आपल्या हातून होईल, याचं तिला भय होतं.

कोंडाबाई म्हणाली, "त्यात काय सुचायचंय? माझ्या वसरीत बसा. मला कुठं उठता येतंय? मंडळीच हिकडं येऊ द्या."

"कॉलनीतली माणसं?"

"तितनं सकाळची येस्टी हाय. फाट्यावरनं तात्या आणत्याल त्येंच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतनं."

"मी कधी म्हणलो?" तात्या म्हणाले.

"आता म्हना."

तात्यांनी पाल्याची उरलेली पेंढी शेळ्यांपुढे टाकली. "आणतो. पर गाणी जरा सुरात म्हना. मागल्या नाताळाला माझी गाय बिथरली हुती."

परत येताना मला वाटलं, अक्का आनंदात असेल. ती एसटीच्या खिडकीतून बाहेर बघत होती. फाटा मागे पडल्यावर म्हणाली, "एवढं सोपं होतं?"

"मग वाईट काय झालं?"

"मला वाटत होतं, माझ्यावाचून अडेल."

अशा वेळी धीर द्यायला जाणाऱ्या माणसांचा मला राग येतो. मी तिच्या पदरावरचं पीठ झटकलं. ते माझ्यावरूनच तिच्यावर गेलं होतं.

रविवार

उपासनेला लोक दाटीवाटीने बसले. पुरुष बाकावर आणि दारात, बायका सतरंजीवर. दाजी चष्मा पुसून शास्त्र वाचायला उभे राहिले. रिटायर झालेला हा माणूस तेवढ्यापुरता कामावर रुजू झाल्यासारखा दिसला. आमच्याकडे उपासनेचा क्रम छापलेला असतो. इथे प्रार्थना चालू असताना आत कुकरची शिट्टी झाली. अक्का डोळे मिटूनच उठली, गॅस बारीक करून आली आणि आमेनच्या आत जागेवर बसली. कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही. एस्तेरची कोंबडी दारातून आत आली, बाकाखालून फिरली आणि गेली. मी लहानपणापासून ऐकत आलेय की दोघे-तिघे प्रभूच्या नावाने जमले तरी तो त्यांच्यात असतो. दगडी चर्चमध्ये मी हे वाक्य उंच छताकडे बघत ऐकायची. इथे छत हाताला लागेल इतकं खाली होतं, म्हणून मी माणसांकडे बघितलं. कोण आलं नाही, का आलं नाही, त्याच्या घरी आज कोण जाणार, हे सगळं त्या सतरंजीवर प्रत्येकीला ठाऊक होतं. मला एवढंच दिसलं. पण देवाला याहून जास्त जागा लागत असेल असं मला वाटलं नाही.

साक्षीच्या वेळी, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगायच्या वेळी, सगळ्यांनी अक्काकडे बघितलं. ती उभी राहिली. रडणार, असं मी धरून चालले होते.

"मोठं पातेलं आणि परात कोंडाबाईकडे," अक्का म्हणाली. "विळी एस्तेरला. बाक तात्या सोमवारी नेतील, पण त्याचा एक पाय डगमगतो, त्याच्यावर जाड माणसाला बसवू नका. डबा वरकुट्यालाच जाईल. शनिवार चुकवू नका." आणि ती बसली. दारातल्या पुरुषांपैकी कुणीतरी "आमेन" म्हटलं.

जेवणाला त्या मिसळीच्या पिठाचे धपाटे, वांग्याचं भरीत आणि आमटी होती. कुठल्या घासात कुणाची मूठ होती, सांगता येत नव्हतं. मी सांगायचा प्रयत्न करून बघितला, सवयीने.

पुणे

सोमवारी ट्रक आणि तात्यांचा ट्रॅक्टर एकाच वेळी दारात उभे राहिले. बाक, सतरंज्या, पातेलं, परात आणि डबा ट्रॉलीत गेले. क्रूस दाजींनी स्वतः खिळ्यावरून काढून तात्यांच्या हातात दिला. तात्यांनी तो आपल्या मुंडाशात गुंडाळला आणि बोडक्याने ट्रॅक्टर हाकत गेले. बारामतीत ट्रक थांबवून मी पाळकसाहेबांना सांगितलं, "घर बघितलं. ओसरी लांब आहे." ते या खेपेला हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुधीरच्या फ्लॅटवर गेले. खोकी निम्मी उघडलेली, दाजी गॅलरीत पेपर घेऊन बसलेले, मळीच्या वासाशिवाय बेचैन. अक्का नव्या ओट्याशी उभी होती. भाकरीसाठी सुधीरकडच्या परातीत पीठ घेतलं, सवयीने त्यातली एक मूठ भरून उचलली, आणि हात तसाच हवेत थांबला. सोडायची कुठे?

मी फळीवरचा एक स्टीलचा डबा खाली घेतला. त्यात मसूर होती. ती पातेल्यात ओतली, डबा पुसला आणि तिच्या हाताखाली धरला.

"अगं, पण इथे शनिवारी कोण येणार?" अक्का म्हणाली.

"ते शनिवारी बघू," मी म्हटलं. "आधी मूठ सोड."